मानेखाली हात

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालन्याच्या ऑफिसात एका गृहस्थांना विम्याचे नियम समजावून सांगत होतो. फोन दादाचा होता. "शालू गेली," एवढंच तो म्हणाला. उभी हयात कोर्टात लिपिक म्हणून काढलेला माणूस, जादा शब्द वापरायची त्याला सवयच नाही. सकाळी मोरीतून बाहेर येताना वहिनीचं डोकं दुखायला लागलं, तोंड वाकडं झालं, दादानं गाडी काढून संभाजीनगरला नेलं, आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. मी तसाच उठलो आणि भोकरदनची बस धरली. राजूर मागे पडेपर्यंत मी नुसता खिडकीबाहेर बघत होतो. मग मोबाइल उघडला. घरच्या ग्रुपवर आमचा चुलतभाऊ बंडूनाना यानं एक व्हिडिओ टाकला होता. जालन्याच्या मैदानावर आमची वहिनी खुर्चीतून उठून "थांबवा, थांबवा" म्हणून ओरडतेय आणि मागं लोक खिदळतायत. खाली नानानं लिहिलं होतं, 'आमच्या भोळ्या वहिनी. खोटी कुस्तीसुद्धा खरी समजणारा निर्मळ जीव. भावपूर्ण श्रद्धांजली.' आणि त्याखाली हात जोडणाऱ्यांची ही रांग... माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी बसलेल्या माणसानं विचारलं, "तब्येत बराबर हाय ना?" बराबर नव्हती. सव्वा महिना झाला, अजूनही नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

शालूवहिनी भोळी नव्हती. गावातल्या निम्म्या लोकांना जिनं अक्षर गिरवायला शिकवलं, कुणाचं पोट खरंच दुखतंय आणि कुणाचं गृहपाठ राहिलाय म्हणून दुखतंय हे जी दारातूनच ओळखायची, ती बाई भोळी? तिच्या वर्गात नाटक करून सुटलेलं पोर मला तरी माहीत नाही. आणि हे तिला भोळी म्हणणारे आमचे नाना! जमिनीत हंडा आहे असं सांगणाऱ्या एका बाबाच्या नादी लागून ह्यांनी स्वतःचं परसदार खणलं होतं. पण ते राहू द्या. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना जिवंत माणसांची उणीदुणी काढू नयेत म्हणतात.

वहिनीचं माहेर टेंभुर्णीचं. यात्रेत कुस्त्या व्हायच्या, पण मुलींनी हौद्याजवळ फिरकायचं नाही, म्हणून ती धाब्याच्या घरावर चढून लांबून बघायची. लग्न होऊन आमच्याकडं आली आणि पुढं कधीतरी टीव्हीवर फ्रीस्टाइलच्या कुस्त्या लागायला लागल्या. ते रंगीत कपडे, ते ओरडणं, दोऱ्यांवरून उड्या मारणं. शनिवारी संध्याकाळी सगळी कामं उरकून ती वेताच्या खुर्चीत बसायची. दादा तिथंच, पण टीव्हीकडं पाठ करून पेपर वाचायचा. "खोटं हाय सगळं," तो पेपराआडून म्हणायचा. वहिनी म्हणायची, "तुमच्या कोर्टातले साक्षीदार लई खरं बोलतात ना? तरी रोज जाऊन बसताच की." मी सुट्टीला गेलो की मला शेजारी बसवून घ्यायची आणि मग मतांचा पाऊस. मतं म्हणजे कशी, एक घाव दोन तुकडे. पंचाबद्दल म्हणायची, "ह्याच्यात आन् शाळा तपासायला येणाऱ्या साहेबात काही फरक न्हाई. नेमकं बघायचं तव्हाच पाठ फिरवतो." तोंडावर मुखवटा घालणाऱ्या पहिलवानावर तिचा कायमचा राग. "तोंड लपवायला काय चोरी केली का?" तो बिचारा उत्तम लढायचा, पण वहिनीनं त्याला कधी पास केलं नाही. अन्याय करायची ती, आणि तोही मन लावून.

एकदा मी तिला सरळच विचारलं, "वहिनी, कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, हे माहीत आहे ना तुम्हाला?" तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी परत पहिलीत गेलो. "भावजी, ते शेंबड्या पोराला बी कळतंय. कोण जिंकतो ते मी बघतच न्हाई. धरतो कसा ते बघते." मग तिनं मला समजावून सांगितलं. आमच्या घरात जन्मलेलं प्रत्येक मूल तिनं पायांवर घेऊन न्हाऊ घातलेलं, माझी दोन्ही पोरंसुद्धा. बाळ एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देताना आपण 'मान धर' म्हणतो, तेच तिचं कुस्ती बघायचं शास्त्र. "माणूस उलटा उचलला की त्याचं लेकरू होतंय," ती म्हणाली. "मान त्याच्या ताब्यात राहत न्हाई. ती उचलणाऱ्यानं सांभाळायची. पडणारा त्याच्या भरवशावर पडून राह्यला ना." हे बोलताना टीव्हीवर कुणीतरी कुणाला तरी उचललं आणि वहिनीचा उजवा हात मांडीवरून वर आला, तळवा उघडा, जणू खाली बाळाचं डोकं येणार आहे. पहिलवान पडला, हात खाली गेला. आपण असं करतो हे तिला ठाऊक नव्हतं. मी पुढं कितीदा तरी पाहिलं, दर वेळी तो हात तसाच यायचा.

तर जालन्याला असल्या कुस्त्यांचा कार्यक्रम येणार असं कळलं आणि वहिनीनं दादाला घरात बसू दिलं नाही. मी तिकिटं काढली. संध्याकाळची वेळ, मैदानात रिंग उभी केलेली, कानठळ्या बसवणारे भोंगे, प्लास्टिकच्या खुर्च्या. आम्ही तिघं तिसऱ्या रांगेत. पहिल्या कुस्तीत दोघं जण लढायच्या आधी माइक घेऊन एकमेकांना इतका वेळ शिव्याशाप देत राहिले की वहिनी वैतागली. "हे कुस्ती करायले आले का भाषणाच्या स्पर्धेला? पाठांतर चांगलंय, अभ्यास कच्चा." दुसरी कुस्ती बायकांची. मागच्या रांगांतून शिट्ट्या सुरू झाल्या. वहिनी उठली, मागं वळली आणि कमरेवर हात ठेवून नुसती बघत राहिली. शिट्ट्या थांबल्या. त्या कुस्तीवर ती बेहद्द खूश होती, विशेषतः हरलेल्या पोरीवर. "तिनं पडायची तालीम केलीय. बघा, पडताना हनुवटी छातीला लावती." तिसरी जोड्यांची कुस्ती. एक भाऊ आत मार खातोय, दुसरा दोरी धरून बाहेर उभा. "ही भावकी झाली," वहिनी म्हणाली, "बांधावर उभं राहून मजा बघायची." दादासुद्धा हसला. बरी चालली होती संध्याकाळ.

शेवटची कुस्ती आमच्या भोकरदनच्या अमजदची. गावच्या व्यायामशाळेत तयार झालेला, चोवीस-पंचवीसचा, अंगानं सडपातळ. समोर बाहेरून आणलेला मोठा पहिलवान, ज्याचं तोंड जालन्यात प्रत्येक खांबावर लावलेलं होतं. अमजद हरणार हे उघडच होतं, त्यासाठीच तो आलेला. त्या मोठ्या पहिलवानानं त्याला कंबरेत धरलं आणि उलटा उचलला, पाय वर, डोकं खाली. वहिनीचा हात मांडीवरून वर आला. आणि तेवढ्यात त्या बड्या माणसाला समोर पब्लिकचे मोबाइल दिसले असणार... त्यानं अमजदला एका हातावर तोललं, दुसरा हात मिरवायला वर केला, आणि तसंच खाली आदळलं. मग छातीवर पाय ठेवून उभा राहिला. पंचानं आकडे मोजले, भोंगे वाजले, लोक खुर्च्यांवर नाचायला लागले. अमजद हलत नव्हता. "काय ॲक्टिंग करून राह्यला राव," माझ्या मागचा म्हणाला.

वहिनी उभी राहिली. "थांबवा. थांबवा ते. मान धरली न्हाई त्यानं." लोक वळून बघायला लागले आणि हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, "आज्जी, नाटक हाय ते, बसा." मोबाइल तिच्याकडं वळले. दादा कानकोंडा झाला, त्यानं तिचा पदर धरून खाली ओढलं. "बस गं. सगळं ठरलेलं असतंय." त्यावर वहिनी जे बोलली ते मी शब्दाला शब्द सांगतो, कारण ते कुठल्याच व्हिडिओत नाही. "ठरलेलं होतं म्हणूनच म्हणून राह्यले. ठरलेलं मोडलं त्यानं." तिनं पदर सोडवून घेतला आणि रिंगकडं चालायला लागली. माइकवाला म्हणाला, "बघा, आमच्या ताई किती भावुक झाल्यात." पुन्हा हशा. तोवर दोघं जण अमजदला काखेत हात घालून उठवायला वाकले होते. वहिनी दोरीला धरून त्यांच्यावर असा आवाज चढवून ओरडली की ते जागेवरच थांबले. "हात लावू नका त्याला. फळी आणा. मानेखाली हात घाला आधी." पंच खाली वाकला, अमजदच्या तोंडाजवळ गेला आणि पंचाचाच चेहरा पांढराफटक पडला. मग पळापळ झाली. पण तोपर्यंत गाणं लागलं होतं, दिवे फिरत होते, आणि निम्मं मैदान अमजदच्या ॲक्टिंगची तारीफ करत घराकडं निघालं होतं.

मला संताप याचा येतो. तिथं शेकडो शहाणे होते. हे सगळं खोटं असतं हे प्रत्येकाला माहीत होतं आणि त्या माहितीच्या तोऱ्यात समोर खरोखर मोडलेली मान एकालाही दिसली नाही. जिला दिसली ती भोळी ठरली. अमजदला नंतर डॉक्टरनं सांगितलं. तो मला म्हणाला, "दोघं उचलायलेच होते. तसं उचललं असतं तं मी जिंदगीभर खाटंवरच राहिलो असतो. मॅडम चिल्लावल्या म्हणून वाचलो." वहिनी त्याला दवाखान्यात बघायला जायची, दादा फाटकाशी थांबायचा. त्या पहिलवानाचं काय झालं? काही नाही. पुढच्या गावी पोस्टरवर पुन्हा त्याचंच तोंड. आणि वहिनीचा तो तुकडा, नेमका हशा होईपर्यंतचा, गावभर फिरला. दादा ओट्यावर कोर्टातल्या जुन्या सोबत्यांना रंगवून सांगायचा, "आमची मंडळी कुस्ती सोडवायला गेल्ती." वहिनी आतून चहा आणून द्यायची आणि एक अक्षर बोलायची नाही. फक्त एकदा, मी निघताना दारात म्हणाली, "भावजी, लोक हसले त्याचं मला काही न्हाई. पोरं वर्गात रोज हसायची. पण ह्यांनी माझा पदर ओढला..." आणि डब्यात लोणचं नीट बसलंय का ते बघायला लागली.

वहिनीला संभाजीनगरहून आणलं तेव्हा दारात गर्दी होती. गाडीतून उतरवताना कुणी खांदे धरले, कुणी पाय, घाईगर्दीत तिचं डोकं मागं कलंडलं. गर्दीतून अमजद पुढं आला. त्याची मान अजून पुरती वळत नाही, बाजूला बघायचं तर सगळं अंग वळवावं लागतं. त्यानं वहिनीच्या मानेखाली हात घातला आणि ओट्यापर्यंत तसाच चालला. दादा पायाशी होता. त्यानं ते बघितलं, आणि मी दादाकडं बघत होतो.

तरी दहाव्याला दादा गप्पच राहिला. बंडूनाना चारचौघांत उभा राहून तेच बोलला, भोळा जीव, खोटी कुस्ती खरी समजणारा. माणसं हळहळली, काही जण तर त्या दिवशीसुद्धा गालात हसली. मी वाट बघत राहिलो. आता दादा तोंड उघडेल, निदान एवढं तरी म्हणेल की बाबांनो, त्या पोराची मान खरंच मोडली होती. दादा सतरंजीचा निघालेला धागा ओढत बसला. मी त्या दिवशी त्याच्याशी न बोलता जालन्याला परतलो. खरं सांगतो, नानापेक्षा मला दादाचा राग जास्त आला होता.

मागच्या शनिवारी पुन्हा गेलो. दादा वेताच्या खुर्चीत बसलेला, समोर टीव्हीवर कुस्त्या चालू, पेपर घडी न मोडता तिपाईवर. मी बाजूला बसलो. थोड्या वेळानं बंडूनाना टेकला. टीव्ही बघून त्याला चेव आला. "काय दादा, तुम्हाला बी वैनीचा नाद लागला का? वैनी असत्या तर आतापस्तोर रडल्या असत्या."

दादा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "तुझ्यापाशी ती जालन्याची फीत हाय ना?"

"हाय की."

"लाव."

नानानं हौसेनं लावली. वहिनीचा आवाज खोलीत आला, मग हशा, मग बंद.

"पुढं?" दादानं विचारलं.

"पुढं काय? इथंच संपते."

"पुढं तो पोरगा मान मोडून पडला होता. त्याला फळीवर घालून नेला. ते कुठं हाय?"

नाना चुळबुळला. "ते... ते कोणी काढलंच न्हाई."

"मी तिचा पदर ओढला, ते हाय का?"

नाना माझ्याकडं बघायला लागला.

"मंग अर्धा पुरावा घेऊन काहून फिरून राह्यला?" दादाचा आवाज चढला. मी त्याला जन्मात इतक्या मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. "काढून टाक. आत्ता. माझ्यासमोर. आन् ग्रुपवर लिही की मोडलेली मान तिला एकटीला दिसली होती."

नानानं खाली मान घालून मोबाइल हातात घेतला. तो लिहीत असताना टीव्हीवर एका दांडगटानं दुसऱ्याला कंबरेत धरून उलटा उचलला. दादा पुढं काहीतरी बोलणार होता, तो थांबला. त्याचा उजवा हात खुर्चीच्या हातावरून वर आला, तळवा उघडा. तो पहिलवान खाली आदळला.

"न्हाई धरली," दादा टीव्हीला म्हणाला. "हात कुठं होता रे तुझा?"

जाहिराती लागल्या. दादानं हात तसाच धरून ठेवला होता.