खऱ्या स्क्रीनवरची लाल पट्टी

तुरुंगातले शिपाई त्याला पट्टीभाऊ म्हणत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. ज्याच्या खिशात पेनाआधी चिकटपट्टीची गुंडाळी सापडते, त्याला दुसरं काय म्हणणार? तुरुंगाची दारं कॉम्प्युटरवर आली तेव्हा ती बसवणारी मंडळी फोटो काढून, टाळ्या घेऊन निघून गेली. मागे उरला हा. सिस्टिम बसवणाऱ्याचं कौतुक होतं. ती चालती ठेवणाऱ्याची आठवण फक्त ती बंद पडली की येते. पट्टीभाऊला याचा मनापासून राग होता आणि तो राग बिचाऱ्या कीबोर्डवर निघे.

त्याच्या टेबलावर दोन स्क्रीन. एक खरा: त्यावर बटण दाबलं की तिकडे लोखंडी दार सरकायचं. दुसरा सरावाचा: दिसायला हुबेहूब, पण त्यावर सगळा तुरुंग उघडला तरी बाहेर कडी वाजत नसे. कुठल्याही बराकीची दुरुस्ती आधी सरावाच्या स्क्रीनवर चढवायची, मग त्या बराकीचं ‘आग लागली, सगळी दारं उघडा’ हे बटण दाबून बघायचं, आणि सगळं सुरळीत चाललं तरच खऱ्या सिस्टिमला हात लावायचा. घोळ नको म्हणून खऱ्या स्क्रीनच्या कडेला त्याने लाल पट्टी चिकटवली होती. लाल दिसलं की हात मागे. वर्षानुवर्षं हेच चाललेलं, त्यामुळे डोक्याला त्यात काही कामच उरलं नव्हतं.

पश्चिमेकडच्या बराकीत पहाऱ्याला त्याचा मेहुणा होता. अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. आई गेल्यावर बहिणीनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. नोकरीला त्याला पट्टीभाऊनेच चिकटवलं, तेव्हा बायकोने बजावलं होतं, “त्याला काही झालं तर मला तोंड दाखवू नका.”

“अगं, दारं माझ्या हातात आहेत,” तो म्हणाला होता. त्या वेळी त्याला स्वतःचा जरा अभिमानच वाटला होता.

त्या दिवशी वरून साहेब पाहणीला येणार होते. जेलर खोलीत डोकावला आणि नाक मुरडून म्हणाला, “हे काय, जखमेला लावल्यासारखी पट्टी? काढा ती. साहेब गेले की लावा परत.” पट्टीभाऊने पुटपुटत पट्टी ओढून काढली, तिचा बोळा करून खिशात टाकला. साहेबांना उशीर झाला. रिकामं बसणं याच्या रक्तातच नव्हतं. पश्चिमेकडच्या बराकीची एक दुरुस्ती रेंगाळली होती, ती त्याने सरावाच्या स्क्रीनवर चढवली. तेवढ्यात जेलरचा फोन आला, पाण्याच्या बाटल्या कुठे ठेवल्या म्हणून. फोन ठेवून खुर्ची वळवली तेव्हा समोर जो स्क्रीन आला त्यावर लाल काही नव्हतं. म्हणजे सरावाचा. त्याने बटण दाबलं. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की? त्याने नेहमीसारखं ‘नक्की’ दाबलं.

मग पश्चिमेकडून दारं सरकल्याचा आवाज आला.

त्या बराकीत एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन टोळ्या समोरासमोरच्या कोठड्यांत कोंडल्या होत्या. कॅमेऱ्यात दिसलं, पहिल्यांदा सगळे उघड्या दारांत नुसतेच उभे राहिले, कुणालाच खरं वाटेना. मग एकाने खाटेची लोखंडी पट्टी उपसली आणि समोरच्याच्या कानावर हाणली. तो बसल्यासारखा खाली गेला आणि त्याच्या अंगावरून बाकीचे धावले. कुणी कुणाचं डोकं उंबऱ्यावर आपटत होतं, कुणी टॉवेलने गळा आवळत होता. ज्याच्याशी वैर नव्हतं त्यालाही हाणत होते. फरशी लाल झाली, पाय घसरायला लागले. पैलवान काठी घेऊन मध्ये घुसला. काठी पहिल्याच झटक्यात त्याच्या हातून गेली आणि परत त्याच्याच तोंडावर बसली.

आगीच्या बटणाने उघडलेली दारं लगेच परत लागत नसत; लावता येण्यासारखं बोळाच्या टोकाचं, वेगळ्या बटणावरचं एकच दार उरलं होतं. त्यापलीकडे भेटीची खोली, आणि तो भेटीचा दिवस होता. बायका होत्या, कडेवरची पोरं होती. पट्टीभाऊने त्या दाराच्या बटणावर बोट ठेवलं. ते दार एकदा लागलं की सशस्त्र तुकडी आल्याशिवाय उघडत नसे. स्क्रीनवर पैलवान त्याच दाराकडे धावत होता. तोंडातून रक्त गळत होतं आणि त्याच्या पाठोपाठ सगळा लोंढा.

वॉकीटॉकी खरखरली. “भावजी, थांबा. लावू नका. मी पोचतोच आहे.”

तो पोचत होता, आणि बाकीचेही. पट्टीभाऊने दार लावलं.

मग त्याने सगळं पाहिलं. मान फिरवायची त्याला परवानगी नाही, असंच त्याने स्वतःला सांगितलं होतं. बंद दारावर पाठ टेकून पैलवानने आधी एक हात डोक्यावर घेतला, मग दोन्ही. तुकडी आली तोवर ते हात खाली पडले होते.

तुरुंगात दोघे मेले. पैलवान वाचला. एक डोळा गेला, जबडा मोडला. मशीन पिसाळलं असंच सगळीकडे बोललं गेलं, आणि जेलरने पट्टीभाऊच्या पाठीवर थाप मारली, “तुमच्यामुळे पोरंबाळं वाचली.” शिपाई त्याच्यासाठी उठून उभे राहायला लागले. त्याला जेवण जाईना.

इस्पितळात बायको भावाला चमच्याने सूप भरवत होती. नवऱ्याला ‘तोंड दाखवू नका’ म्हणाली नाही, पण बघितलंही नाही. पैलवानचा जबडा तारांनी बांधलेला. शब्द दातांतून गाळल्यासारखे येत होते.

“दार लावलंत ते बरोबर केलंत, भावजी. मीही तेच केलं असतं. पण ती उघडली कशी? मशीन बिघडलं होतं का?”

जेलरने पट्टी काढायला लावली, हे वाक्य पट्टीभाऊच्या जिभेवर तयार होतं. खोटंही नव्हतं.

“मी उघडली,” तो म्हणाला. “सरावाचा स्क्रीन समजून. न बघता.”

चमचा हवेतच थांबला. मग पैलवानने उजवी मूठ उचलली आणि पट्टीभाऊच्या तोंडावर मारली. अंगात जोर नव्हता, मूठ गालाला घासून गेली. दुसरी तर पोचलीच नाही. पट्टीभाऊने स्टूल पलंगाला भिडवलं आणि मान पुढे केली.

बायकोने वाटी खाली ठेवली. भावाच्या हाताला सलाइन लावलेलं होतं. भाऊ मारत असताना सुई निघू नये म्हणून ती नळी धरून उभी राहिली.