भिंगरीचे दात

मुकुंदवाडीतल्या कडूबा वायरमनच्या घरात एकही वायर धड नाही. कूलरची, मिक्सरची, टेबलफॅनची, मोबाइलच्या चार्जरची, प्रत्येकीवर कुठंतरी काळ्या टेपची पट्टी. चाळीस वर्षं लोकांच्या घरात उजेड करत फिरलेल्या माणसाच्या घराची ही दशा, आणि ती केली एका हातभर मांजरीनं. भिंगरी तिचं नाव. कडूबाच्या बायकोनं, दगडाबाईनं ठेवलेलं.

भिंगरीला दुधाचं कौतुक नाही. तिला प्लास्टिक लागतं. चपलेचा अंगठा, गाळणीची कड, बादलीची कडी, हाताला लागेल ते ती दाढेखाली धरणार आणि डोळे मिटून चावत बसणार. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, काही मांजरांना असते अशी खोड. एवढं सांगून तो मोकळा झाला. कडूबानं उपाय करायचे काही बाकी ठेवले नाहीत. वायरींना मिरचीचं पाणी लावलं, तर मांजर एकदा शिंकली आणि घरातली माणसं दिवसभर ठसकत राहिली. मग कडुलिंबाचा रस झाला, बाम झाला. शेवटी भिंतीवरच्या वायरी त्यानं केसिंग पट्टीत घातल्या आणि लोंबत्या वायरींना टेप. टेपच्या डिंकाचा वास मात्र भिंगरीला सोसत नसे. एकदा पट्टी बसली की त्या जागेला ती पुन्हा तोंड लावत नसे. कडूबाला याचा केवढा अभिमान!

"अण्णा, सोडून या तिला कुठंतरी," मुलगी तनुजा म्हणायची. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून ती माहेरी आली होती आणि शेंद्र्याच्या एका कंपनीत पॅकिंगला जात होती.

"ऱ्हाऊ द्या वं," दगडाबाई खाटेवरून म्हणायची. "ती चावती म्हंजे कायतर काम करती. मी तर नुसती पडून हाय."

कडूबा आणि दगडाबाई, दोघंही पाचोडकडचे. दोघांच्याही घरात आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून मरणाची नजर पडू नये अशी नावं ठेवलेली. लग्नात भटजीनं नावं पुकारली तेव्हा मांडवात खसखस पिकली होती. दगडाबाई त्या गोष्टीवर शेवटपर्यंत हसायची. दम लागेपर्यंत हसायची, आणि मग दमच लागायचा. तरुणपणी जिनिंगमध्ये कापसाची धूळ खाल्ली होती, चुलीचा धूर जन्माचा. फुप्फुसं कामातून गेली. क्रांती चौकाजवळच्या एका दुकानातून ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं आणलं. मशीन कोपऱ्यात गुरगुरत राही, आणि त्याची वीस फूट लांब पारदर्शक नळी दगडाबाईच्या नाकापासून घरभर तिच्या मागं मागं फिरे.

मे महिन्यात एका सकाळी भिंगरीनं त्या नळीला दात लावले.

बारीकसं भोक होतं. कान जवळ नेला तर सूं सूं ऐकू यायचं. कडूबानं काय केलं असेल? खिशातून टेप काढली, ताणून चार वेढे दिले, अंगठ्यानं दाबले. हात आपोआप चालले. चाळीस वर्षांत त्या हातांनी हजारो जोड असेच बांधले होते, आणि एकातूनही कधी ठिणगी उडाली नव्हती. टेप वीज अडवते. हवा अडवते का, हा प्रश्नच त्याच्या डोक्यात आला नाही. नवी नळी क्रांती चौकात सहज मिळाली असती. पण कूलरचा हंगाम होता, दारात लोक उभे होते.

"उद्या आणतो," तो म्हणाला.

"आता कुठं फुसफुसतंय? झालं की चांगलं," दगडाबाई म्हणाली. नवऱ्याच्या टेपवर तिचाही फार विश्वास.

तिसऱ्या दिवशी दुपारी गारखेड्यात एका माडीवर कडूबा कूलरची मोटार खोलून बसला होता, तेव्हा तनुजाचा फोन आला. पहिली पाळी करून ती घरी आली तेव्हा आई गेलेली होती. कडूबा पोचला तेव्हा शेजारणी जमल्या होत्या, मशीन बंद होतं, नळी कुठंच दिसत नव्हती.

"मांजरीनं नळी तोडली," तनुजा येईल त्याला सांगत होती. "मांजरीनं खाल्लं माझ्या आईला."

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं संपलीच होती, आज ना उद्या हे होणार होतं. लोकांनी मान डोलावली. कडूबानंही डोलावली. मांजरीनं नळीला दुसरीकडं दात लावले असतील, असं त्यानं मनाशी घट्ट धरलं. तेवढ्या दोन दिवसांच्या गरमीत टेपचा डिंक पातळ होतो हे त्याला माहीत होतं. तेही त्यानं मनाशी धरलं होतं, पण त्याच्याकडं बघायचं नाही असं ठरवून.

ठरवून काय होतं! दहावा झाला, तेरावा झाला, आणि त्याच्या कानात सूं सूं सुरू झालं. आधी त्याला वाटलं गॅस गळतोय. त्यानं शेगडीच्या नळीला साबणाचं पाणी लावून पाहिलं. मग कुकर, मग सायकलची चाकं. मशीन कधीच परत गेलं होतं, पण त्या कोपऱ्यातून आवाज येई, आणि भिंगरी नेमकी तिथंच तोंड करून बसलेली असे. भर दुपारी, रस्त्यावर भाजीवाला ओरडत असताना कडूबाला भीती वाटायची. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोची. मग त्या भीतीची लाज वाटायची.

तो वायरी तपासू लागला. भिंगरीनं कुठंही नवीन दात लावले की गुडघ्यावर बसून बघायचा. टेपजवळ कधीच नाही, हे तर होतंच. पण एकदा चावलेल्या वायरीलाही ती सहसा परत जात नसे, नवीन काहीतरी शोधायची. म्हणजे नळीलाही ती परत गेली नसणार, हे लक्षात आलं त्या दिवशी तो ताटावरून उठला.

सप्टेंबरात भिंगरीनं तनुजाच्या कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी कुरतडली. गेटवर तिला अडवलं, अर्धा दिवस बुडाला. दुसऱ्या दिवशी पाचोडचा बाजार होता. तनुजानं पोतं काढलं, भिंगरीला त्यात कोंबलं आणि सुतळीनं तोंड बांधलं.

"पाचोडच्या जीपमध्ये ठेवा आणि बाजारात सोडून या. धान्याची दुकानं हायेत, उंदीर खाईल, नायतर मरंल. मला काय त्याचं?"

पोतं दारात हलत होतं. आत भिंगरी ओरडत होती, लेकरासारखी. कडूबानं टोपी घातली, चपला घातल्या, पोत्याला हात घातला, आणि उंबऱ्यावरच खाली बसला.

"तनू, हिनं नाय मारलं तुझ्या आईला."

तनुजा पाठमोरी होती.

"नळी हिनं चावली, पण ते आधी. त्याच्यावर टेप मी लावली. नवी नळी आणतो म्हनलो, आणली नाय. कूलर दुरुस्त करीत बसलो लोकांचे." त्याला रडू येत होतं आणि ते अडवायचा त्यानं प्रयत्नही केला नाही. "हिला कशाला सोडून येऊ? मला सोडून ये कुठंतरी."

"मला माहीत हाय," तनुजा म्हणाली.

"काय माहीत हाय?"

"टेपचं. नळी मीच काढली. माणसं यायच्या आत गुंडाळली आणि बाहेर नेऊन टाकली. तुम्ही बघायला नको म्हणून."

"मग मांजरीचं नाव का घेत बसलीस चार महिने?"

"मग कुणाचं घ्यायचं होतं, अण्णा? तुमचं?" तिचा आवाज चढला. "रोज तुमच्या समोर बसून जेवायचं होतं मला. कुणाला तरी शिव्या दिल्याबिगर घास उतरत नव्हता."

चार महिने जे विचारायचं कडूबाचं धाडस झालं नव्हतं ते आता तोंडाशी आलं होतं. विचारू नये हेही कळत होतं.

"टेप सुटली व्हती का?"

तनुजानं आधी नुसती मान हलवली. मग त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसली.

"सुटली होती. आईनं ती जागा मुठीत आवळून धरली होती, अण्णा. मला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली."

पोत्याची गाठ शेवटी तनुजानंच सोडली. कडूबाचे हात चालेनात.