आईची धडधड

कोळवणात भाताची लावणी करताना आईच्या छातीत एकाएकी धडधड सुरू व्हायची. एसटीने पौडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती थांबलेली असायची आणि ईसीजी नॉर्मल यायचा. "मनाचं खेळ हायेत," असं वडील म्हणायचे. घरातली पहिली पदवीधर असूनही मी तो कागदच खरा मानला.

हिंजवडीत नोकरी लागल्यावर मी तिला पुण्यात हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "मांडीच्या शिरेतून बारीक नळ्या हृदयात नेऊ, धडधड मुद्दाम सुरू करू आणि ती जिथून उठते तेवढीच जागा जाळू."

आईला भीती एकच होती. "तितंबी न्हाई आली तर मी खोटीच ठरंन."

नळ्या घातल्या त्या दिवशी आई पूर्ण जागी होती. धडधड सुरू होताच डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, हीच का?"

"व्हय, हीच. आता सोडू नका हिला."

डॉक्टरांनी ती जागा जाळली आणि बाहेर येऊन मला आणि वडिलांना हे सगळं हसत सांगितलं. मी आत जाऊन आईची माफी मागितली. पाय सरळ ठेवून पडलेली ती म्हणाली, "शिकलीस म्हणून तर हितं आणलंस. जा, तुझ्या बापाला च्या पाज. लई घाबरल्यात ते."