मऊ भात

अक्कलदाढ कापून काढल्याचा आज तिसरा दिवस. चावायचं काही खाऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. सकाळी पेज, दुपारी गुरगुट्या भात. माझी बायको सुमन तो निववून देते. आज अळणी घास उतरेना, म्हणून मी कुरकुरत वाटी सरकवली. मग आठवलं, दोन वर्षांपूर्वी तिचीही दाढ अशीच काढली होती.

"तेव्हा तू काय खात होतीस गं?"

"तुमच्यासाठी केलेली भाकरीच. पाण्यात भिजवून."

"मला सांगायचं तरी!"

"समोरच बसून जेवत होतात तुम्ही," ती म्हणाली आणि वाटी पुन्हा माझ्यापुढे ठेवली.

तिचा सुजलेला गाल आठवायचा मी खूप प्रयत्न केला. आठवलं ते फक्त त्या दिवसांतलं झणझणीत पिठलं.