तार तोडायची पक्कड

माझा खालचा जबडा वरच्याच्या पुढे होता. भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी मला कधी तोडता आला नाही, आणि शाळेत शिकवताना मी फळ्याकडे वळलो की पोरं हनुवट्या पुढे काढून माझी, त्यांच्या मास्तरांची, नक्कल करीत. साठ सालानंतर, तिशी जवळ आल्यावर, मुंबईच्या डॉक्टरांनी हाड कापून जबडा मागे घेतला आणि वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना घट्ट बांधून टाकले. हाड जुळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. फटीतून जाईल तेवढं दूध नि पेज.

दवाखान्याला मी विटलो होतो. बांधलेल्या दातांआडून "घरी, घरी" एवढंच घोकत मी वडिलांना भंडावून सोडलं. अखेर डॉक्टरांनी सोडलं, पण निघताना वडिलांच्या हातात तार तोडायची छोटी पक्कड ठेवली. "उलटी आली तर लगेच तारा तोडा, नाहीतर गुदमरतील." वडिलांनी मान डोलावून पक्कड बंडीच्या खिशात टाकली. मला मात्र लहानपणापासून एसटी लागते. एरवी आवळासुपारी चघळत वेळ काढायचो. आता चघळणार कुठून?

मुरबाडपर्यंत निभावलं. तिथून आमच्या गावाकडे जाणाऱ्या धसईच्या गाडीत बाजार करून परतणाऱ्या बायका सुक्या बोंबलांच्या पाट्या घेऊन चढल्या. एक पाटी आमच्या पायाशीच. प्रत्येक खड्ड्याला वास वर येई. मी खिडकीबाहेर नाक काढून बसलो. मळमळून तोंडाला पाणी सुटू लागलं. मी वडिलांचा दंड गच्च धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओरडले, "गाडी थांबवा रे, थांबवा!"

रस्त्याच्या कडेला उकिडवा बसलो. घशाशी आलं आणि श्वास अडला. वडिलांनी माझा ओठ वर करून पक्कड आत घातली. ती हिरडीला लागली. मग दाताला. तारेला लागेचना. संपलं, आपण इथेच मरणार, असंच मला वाटलं. जीव खाऊन डोकं खाली घातलं. पोटात दुधाशिवाय काही नव्हतं म्हणून वाचलो. ते फटींतून आणि नाकातून बाहेर आलं. श्वास सुटला.

वडिलांनी तिथेच मातीत बसकण मारली.

"जवळचा माला दिसत नाय रे," ते म्हणाले. "तार कंची नि दात कंचा, कायच कळत नव्हता."

"डॉक्टरांना का नाही सांगितलंत?" मी दातांआडून कसंबसं विचारलं.

"सांगला असता तर त्यांनी तुला सोडला असता का? तू घरी, घरी करीत होतास ना."

कंडक्टर घंटी देत होता. पुन्हा गाडीत चढायची आमची दोघांचीही छाती झाली नाही. उरलेली वाट चालत गेलो, आणि घर येईपर्यंत मी त्यांचा हात सोडला नाही.