काडीवरचा झिंगा

लीलाबाईला कशाचीही किळस यायची. उष्ट्या वाटीची, ओल्या पायपुसण्याची, चपचप आवाज करत जेवणाऱ्या माणसाची, बोटाला थुंकी लावून पानं उलटणाऱ्या मास्तरांची. भंडाऱ्यात मुलींच्या वसतिगृहात तिनं सारी हयात स्वयंपाक केला. तिथं वरणात एक केस निघाला, तर गंजातलं अख्खं वरण मोरीत ओतून ती दुसरं चढवायची. अधीक्षकबाई डाळीच्या नासाडीवरून ओरडायच्या. लीलाबाई ऐकून घ्यायची आणि डाळ धुवायला बसायची.

पण न जेवणाऱ्या पोरी आल्या की हीच बाई वेगळी व्हायची. आंबागडकडच्या, जंगलालगतच्या गावांतून नव्या मुली यायच्या आणि घरच्या आठवणीनं ताट सरकवून द्यायच्या. लीलाबाई त्यांना समजावत बसायची नाही. शेजारी बसायची, भाताचा चिमुकला घास करून ताटाच्या कडेला ठेवायची आणि मुद्दाम खिडकीबाहेर पाहायची. थोड्या वेळानं घास गेलेला असायचा. मग ती दुसरा ठेवायची. एखादीनं खाल्लेलं ओकून टाकलं, तर तेही ती कपाळाला आठी न घालता पुसायची. जगातली तेवढी एकच घाण तिला घाण वाटत नसे.

नोकरी संपली तेव्हा तिचं गाव उरलंच नव्हतं. ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. म्हणून ती जवाहरनगरला मुलाकडे आली. अश्विन फॅक्टरीत फिटर होता. क्वार्टर लहान, पण सून रीना टापटिपीची. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि तिच्यापुढं रोजची मेणबत्ती. नाक मुरडायला जागाच नव्हती, म्हणून लीलाबाई सुखात होती. मग अश्विनच्या साहेबांची बदली झाली.

साहेब समुद्रकाठचे. त्यांनी हौसेनं खाऱ्या पाण्याची भलीमोठी काचेची टाकी बाळगली होती. बदलीच्या गडबडीत तिचं काय करायचं सुचेना, तेव्हा त्यांनी ती अश्विनच्या गळ्यात मारली. आत एकच मासा, लायनफिश. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, चहूबाजूंनी पिसाऱ्यासारखे पसरलेले काटे आणि त्या काट्यांत विष. नागपूरहून आणलेलं खास मीठ बादलीत कालवून अश्विन त्याच्यासाठी घरीच समुद्र बनवायचा. टाकी ठेवायला दुसरी भिंत नव्हती, म्हणून ती मूर्तीशेजारीच आली. लीलाबाईनं खारट वासाला नाक मुरडलं, पण माशाला नावं ठेवली नाहीत. दिसायला तो खरंच देखणा होता.

पहिल्या रविवारी तिला कळलं, तो खातो काय ते.

अश्विनचा दोस्त खुशाल आणि फॅक्टरीतले आणखी दोघं-तिघं चिवड्याच्या पुड्या घेऊन आले आणि टाकीपुढं सतरंजीवर बसले. अश्विननं प्लास्टिकची पिशवी उघडली. आत गप्पी मासे होते. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून नाल्याकाठच्या टाक्यांत सोडतात, तेच. त्यानं ते एकेक करून टाकीत सोडले. गोड्या पाण्यातले जीव ते, खाऱ्यात पडताच वेडेपिसे झाले. आडवे होऊन थरथरत वर यायचे, काचेवर आपटायचे, पुन्हा खाली जायचे. लायनफिश काटे पसरून हळूहळू एकेकाला कोपऱ्यात रेटायचा आणि मग तोंड असं उघडायचा की गप्पी होता कुठं, तेच समजू नये.

“हे पाय, हे पाय! गेला!” खुशाल ओरडला. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. एकानं मोबाइलवर चित्रण केलं. चिवड्याचं तेल लागलेली बोटं काचेवर टेकवून अश्विन दाखवत होता, “आता त्याचा नंबर. तो कोपऱ्यातला. मजा पाय आता.”

लीलाबाई उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. माशाचा तिला राग नव्हता. त्याला देवानं नव्हे, त्याच्या पोटानं तसं केलं होतं. पण ही तेलकट बोटं, हे दात काढणं, आणि टाळ्या पिटणाऱ्यांत तिनं न्हाऊमाखू घातलेला पोरगा! तिला वाटलं, त्याच्या तोंडावर पाण्याचा तांब्या रिकामा करावा.

सगळे गेल्यावर ती म्हणाली, “काय लावून राहिला रे हे? मूर्तीपुढं?”

“माय, मेलेलं तो तोंडात घेत नाही. सायबानंच सांगतलं. मंग काय उपाशी मारू त्याले? तेही पापच आहे नं?”

“अन् टाळ्या कायले पिटता? टाळ्यांनी पोट भरते काय त्याचं?”

अश्विन हसला. वाईट पोरगा नव्हता तो. आईच्या गुडघ्यांना रोज तेल लावून द्यायचा. म्हणूनच तर ते हसणं तिला जास्त लागलं.

आषाढी पौर्णिमा जवळ येत होती. त्या दिवसापासून लीलाबाईचा वर्षावास सुरू व्हायचा. तीन महिने दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून ती विहारात अष्टशील घ्यायची, आणि त्यातलं पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं. ते तोंडानं म्हणायचं आणि घरी येऊन हा तमाशा पाहायचा, हे तिला जमणार नव्हतं. तिनं सरळ सांगितलं, “माह्यानं या घरात राहणं होत नाही मंग.”

अश्विन गांगरला. डोकं खाजवून म्हणाला, “असं कर माय. तू त्याले मेलेलं खाऊ घालून दाखव. खाल्लं, तर मी एकही जिता जीव आणणार नाही. शब्द देतो.”

“दे हातावर हात,” लीलाबाई म्हणाली. त्यानं दिला.

झालं, न जेवणारं लेकरू पुन्हा एकदा तिच्या पुढ्यात आलं होतं, तेही अंगभर विष घेऊन. अश्विन ड्यूटीवर गेल्यावर तिनं बाजारातून मेलेले झिंगे आणवले. आपल्यासाठी मुद्दाम कुणी मारलेले नाहीत, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं. सोलून साफ केले आणि सवयीनं हळद-मीठ चोळून ठेवले. मासळी म्हटली की हळद लावायची, नाहीतर उग्रपणा जात नाही, हे तिचे हात तिच्याआधी जाणत होते. झिंगा टाकीत पडला आणि साहेबांच्या समुद्रात पिवळा ढग उठला. लायनफिशनं तो तुकडा तोंडात घेतला, क्षणभर धरला आणि थुंकला.

थुंकला! तिनं साफ केलेलं, तिच्या हातचं! लीलाबाईला माशाची पहिल्यांदाच किळस आली. संध्याकाळी अश्विननं पाणी पाहून कपाळावर हात मारून घेतला. “अवं माय, त्याची भाजी करून राहिली काय तू?”

पुढं तिनं बिनहळदीचा झिंगा दिला. तो टाकीच्या तळाशी पडून राहिला आणि माशानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी पांढरा, फुगलेला, सडका तुकडा तिलाच चिमट्यानं काढावा लागला. नाकाला पदर लावून तिनं तो काढला, आणि ती वासाची आठवण घेऊन जेवायला बसली तर घास उतरेना. रीना म्हणाली, “सोडा नं आई. राहते उपाशी तर राहू द्या.”

“जेवत नाही म्हणून कोणाले सोडलं नाही मी,” लीलाबाई म्हणाली.

ती टाकीपुढं पाट टाकून बसली. वसतिगृहातल्यासारखीच. बसल्या बसल्या तिच्या ध्यानात आलं की मासा खाण्याकडे पाहतच नाही, तो हलणाऱ्या गोष्टीकडे पाहतो. तिच्या पदराचा काठ हलला तरी त्याचे डोळे फिरायचे. तिनं नव्या खराट्याची एक काडी काढली, उकळत्या पाण्यातून धुऊन घेतली, तिच्या टोकाला झिंगा टोचला आणि पाण्यात सोडून हळूच हलवला. मासा वळला. जवळ आला. थांबला. तिनं मनगटाला बारीकसा झटका दिला आणि काडीचं टोक रिकामं झालं.

थुंकतो की काय म्हणून ती श्वास धरून बसली. तो थुंकला नाही.

“खाल्लं गं माझ्या बाईनं!” ती मोठ्यानं म्हणाली, जसं त्या पोरींना म्हणायची तसं. आषाढीला ती पांढरं लुगडं नेसून विहारात गेली तेव्हा तिचा आवाज सगळ्या बायांच्या वर होता.

अश्विननं शब्द पाळला. पुढच्या रविवारी मंडळी आली, तेव्हा पिशवी नव्हती. “आता जिवंत बंद,” तो म्हणाला. “माय चारते त्याले काडीनं.” खुशालचं तोंड पडलं. पण आलोच आहोत तर पाहू, म्हणून सगळे सतरंजीवर बसले. लीलाबाई पुढं झाली. मनात थोडा तोराही होता. तिनं झिंगा पाण्यात सोडला, हलवला, आणि लायनफिशनं तो गट्ट केला.

टाळ्या वाजल्या. अगदी तशाच.

“वा काकू! एक डाव अजून!” खुशाल गुडघ्यांवर पुढं सरकला. “पण असं नाही, काकू. मरतानी कसा तडफडते, तसा हलवा नं.”

लीलाबाईनं दुसरा झिंगा टोचला आणि काडी पाण्यात ताठ धरून ठेवली. मनगट हलवलं नाही. मासा येऊन थांबला, पाहत राहिला, आणि वळून गेला. मंडळी चुळबुळली. कुणीतरी जांभई दिली. आता उठतील, तिला वाटलं. आणखी थोडा वेळ धरू.

“आण इकडं, माय,” अश्विन म्हणाला आणि त्यानं काडी तिच्या हातातून घेतली. “असं पाय.”

त्यानं झिंगा आडवा केला. थरथरवत वर नेला, काचेवर हलकेच आपटला, खाली सोडला. मग एक लहानसा झटका, मग काहीच नाही, आणि सगळं संपलं असं वाटावं तेव्हा शेवटची एक फडफड. जिवंत गप्पी मरायचा तो अस्साच. इतकं हुबेहूब कुठं शिकला हा, असं तिच्या मनात येतं न येतं तोच तिला उत्तरही मिळालं. रविवारच्या रविवार त्यानं दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

मासा झेपावला. खोली टाळ्यांनी भरून गेली. अश्विननं हसत आईकडे पाहिलं. त्याच्याकडे बोट दाखवावं असं काहीच उरलं नव्हतं. शब्द पाळला होता, घरात एकही जीव मेला नव्हता.

मंडळी गेल्यावर तो हात धुऊन स्वयंपाकघरात येऊन बसला. “माय, वाढ नं. भूक लागली.”

लीलाबाई ओट्यापाशी उभी होती. भात गरम होता, वरण गरम होतं, ताट समोर धुऊन ठेवलेलं होतं. तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. साबणानं स्वच्छ धुतलेले, ओले हात होते ते.

“तुह्या हातानं घे,” ती म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.