दोन मागांच्या घराचं भाडं

लिहिण्याचा अधिकार माझा नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे चुकलं तर सांगायला घरी कोणी नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आम्ही सीमाभागातल्या एका शहरात, वडगावच्या विणकर वस्तीत भाड्याने राहतो. पुढच्या मोठ्या खोलीत दोन यंत्रमाग, मागे स्वयंपाकघर. माग आमचे, घर मालकाचं. आप्पा साड्या विणतात, आई त्यांना लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरते. मोठा भाऊ, आमचा अण्णा, पुण्यात एका कारखान्यात होता. गेल्या वर्षी त्याने फोनवर लकडा लावला, की माग विका आणि सगळे पुण्याला या. आप्पांना तिथे वॉचमनचं काम मिळवून देईन म्हणायचा. आप्पा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते.

त्याच वेळी अर्थशास्त्राच्या सरांनी मला प्रकल्प दिला: वेगवेगळ्या शहरांत कुटुंबाच्या कमाईतला किती वाटा घरभाड्यात जातो? मी निपाणीच्या मावशीला विचारलं, बंगळूरला गेलेल्या वर्गमित्राला विचारलं, अण्णाला तर खोदून खोदून विचारलं. आकडे मांडले. पुण्यात अण्णाचा पगार आणि आप्पांचा होणारा पगार धरला, तर भाड्याला चौथा हिस्सा जात होता. वडगावात मात्र आमच्या कमाईचा तिसरा हिस्सा जात होता. म्हणजे अण्णाचंच खरं.

मी ते आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी चालता माग बंद केला. मग म्हणाले, "तू शिकलायस. तुझं बरोबर असंल." चारच दिवसांत शेजारच्या अनगोळचा एक जण माग बघायला आला. आई स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही.

गिऱ्हाईक मागाला हात लावून बघत होतं, तेवढ्यात घरमालक आले. आमच्या भागात घर भाड्याने देताना माणसं किती हे कुणी विचारत नाही, माग किती ते विचारतात. मालकांना वाटलं, आम्ही माग विकून इथेच राहणार. ते आप्पांना म्हणाले, "माग जाणार असतील तर पुढच्या महिन्यापासून निम्मंच भाडं द्या. निम्मं तर मागांचंच हाय की."

जन्मापासून मी त्या मागांच्या शेजारी अंथरूण घालत आलो. माग आणि घर वेगळे असतात हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मागांचं भाडं हा धंद्याचा खर्च. तो आधी कमाईतून वजा करायला हवा होता. तिथेच वहीच्या पाठीमागे परत मांडलं. उरलेल्या कमाईतला पाचवा हिस्साच आमच्या राहण्याला जात होता. पुण्यापेक्षा कमी.

मी आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग गिऱ्हाइकाला चहा पाजला आणि हात जोडले. थोड्या वेळाने दोन्ही माग सुरू झाले. आई बाहेर आली आणि कांड्या भरायला बसली. एवढा गोड खडखडाट मी आयुष्यात ऐकला नव्हता.

अण्णाला फोन मीच केला. तो आधी चिडला. "कॉलेजात गेलास म्हणून मला हिशोब शिकवतोस व्हय रं?" मग तोच हळू आवाजात म्हणाला, "पैशाचं न्हाय रं. खोलीवर आलो की बोलायला कोण नसतं." त्यानंतर बरेच दिवस त्याचा फोन आला नाही. आई रोज त्याच्या फोनची वाट बघायची.

प्रकल्प मांडायचा दिवस आला. मी आधी माझी चूक सांगितली, मग दुरुस्ती. सर म्हणाले, ही चूक आहे तशीच प्रकल्पात ठेव, पुढच्यांना उपयोगी पडेल. मुलांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मान वर करून बघायचं धाडस झालं.

बाहेर आलो तर आईचा फोन. ती रडत होती की हसत होती, कळेना. अण्णाला इथल्याच उद्यमबागेत, एका कारखान्यात काम मिळालं होतं. पगार थोडा कमी, पण रविवारी तो सगळा बोजा घेऊन कायमचा घरी येणार होता.

"आप्पा इचारायलेत," ती म्हणाली, "दोन मागांच्या मधी त्याची खाट बसती का, तेवढं मोजून सांग म्हणं."